खाऊसारखं दिसणारं पाकीट

अमेरिकेतल्या विषबाधा मदत केंद्रांकडे २०१७ साली सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजायुक्त खाद्यपदार्थ खाल्ल्याच्या २०७ नोंदी झाल्या होत्या. चार वर्षांनी, २०२१ साली, हाच आकडा ३,०५४ वर गेला. 'पीडिअॅट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकाने २०२३ च्या सुरुवातीला हे आकडे छापले. असे आकडे आले की पहिला प्रश्न आईवडिलांना विचारला जातो: वरच्या फळीवर का ठेवलं नाही, कुलपात का ठेवलं नाही? प्रश्न रास्त आहे, कारण जवळजवळ सगळे प्रकार राहत्या घरात घडले होते. पण मूल न्हाणीघरातली फिनेलची बाटली तोंडाला लावतं तेव्हा त्याची चूक झालेली असते. गांजायुक्त गमीचं, म्हणजे जेलीसारख्या मऊ गोळ्यांचं, रंगीत पाकीट फोडतं तेव्हा ते चुकलेलंच नसतं. समोर खाऊ दिसला आणि त्याने तो खाऊ म्हणून ओळखला. तो तसाच ओळखला जावा म्हणून कुणीतरी पगार घेऊन त्या पाकिटाचे रंग आणि अक्षरं ठरवली होती.

माझं म्हणणं या ओळखण्याबद्दल आहे. प्रौढांना गांजा कायद्याने विकत घेता यावा का, हा वाद निराळा. चिमूटभर पुडीसाठी पोराला तुरुंगात टाकणं मला कधी पटलेलं नाही, त्यामुळे ज्या राज्यांनी बंदी उठवली त्यांची कारणं मी समजू शकतो. मात्र बंदी उठवताना बहुतेकांनी पाकिटाचा प्रश्न छपाईचा समजून मागे ठेवला. कुठे इशारा छापायचा, किती टंकात छापायचा, मिलिग्रॅमचा आकडा कुठे टाकायचा, एवढ्यावर भागवलं. खाण्याच्या वस्तूचं पाकीट कुणी वाचत नाही, पाहून ओळखतो. जो कायदा फक्त वाचल्या जाणाऱ्या भागावर बोलतो आणि ओळखल्या जाणाऱ्या भागाला हात लावत नाही, तो मुळात चुकीच्या जागी उभा आहे.

इतर नशांच्या बाबतीत ही चूक एवढी महाग पडत नाही. दारूचा पहिला घोट घसा जाळतो. धूर ओढला की ठसका लागतो, आणि काही मिनिटांत डोकं जड झालं की माणूस थांबतो. म्हणजे वस्तूच आपली ओळख सांगते. गांजायुक्त गमीला मात्र संत्र्याची किंवा कलिंगडाची चव असते. पोटात गेल्यावर तिच्यातला टीएचसी हा नशा आणणारा घटक आतड्यातून यकृतात जातो, तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाच्या अधिक जोरकस द्रव्यात रूपांतर होतं, आणि मग ते मेंदूपर्यंत पोचतं. याला अर्धा तास लागतो, कधी दोन तास. एकदा चढलं की सहा-आठ तास उतरत नाही. तोंडात टाकतानाच्या क्षणी शरीराकडे सांगण्यासारखं काहीच नसतं. जीभ म्हणते गोड आहे. त्या वेळी खरी माहिती देऊ शकणारी एकच गोष्ट हातात असते, ती म्हणजे पाकीट आणि आतल्या तुकड्याचं रूप. त्यांनीही 'गोड आहे, खा' असंच सांगितलं तर माणसाला सावध करायला दुसरं कुणी उरत नाही.

पाकिटाची ही ताकद बाजाराला फार आधी कळली. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत लुई चेस्किन नावाचा विपणनतज्ज्ञ मार्जरीन या लोण्याच्या पर्यायावर काम करत होता. लोक मार्जरीनला नाकं मुरडत. त्याला पिवळा रंग आला, चकचकीत वेष्टन आलं, आणि लोकांना त्याची चवच बदललेली वाटली. वेष्टनाबद्दल मनात जे उमटतं ते माणूस नकळत आतल्या वस्तूला चिकटवतो, हे चेस्किनचं सूत्र. आपल्याकडे अक्षरओळख नसलेलं मूलही वाण्याच्या दुकानात पिवळ्या-पांढऱ्या वेष्टनावरून पार्ले-जी बोट दाखवून मागतं. वर काय लिहिलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मोठे तरी कुठे वाचतात? रंग, आकार, अक्षरांचं वळण, चित्र, पाकिटाचा आवाज, यांवरून निर्णय झालेला असतो. वाचन झालंच तर नंतर होतं, आणि तेही शंका आली तर. खाऊच्या पाकिटाचं सगळं कसब शंका येऊ न देण्यात असतं.

कोलोराडोमध्ये १ जानेवारी २०१४ पासून प्रौढांना दुकानातून गांजा घेता येऊ लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा तिथे मृत्यू झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पुढच्या वर्षी या प्रकरणाचा अहवाल छापला. मित्राने आणलेल्या बिस्किटात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं, आणि एका वेळची मात्रा १० मिलिग्रॅम धरलेली होती. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे त्याने आधी एकच तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासात काही जाणवलं नाही म्हणून उरलेलं बिस्कीट संपवलं. पुढच्या दोन तासांत तो असंबद्ध बोलू लागला, आक्रमक झाला, आणि शेवटी चौथ्या मजल्यावरून त्याने उडी घेतली.

या घटनेतली एक गोष्ट मला सुटत नाही. मात्रा सांगितलेली होती. पण बिस्कीट सहा भाग करून कोण खातं? बिस्किटाचा आकारच सांगतो की ही एका माणसाची, एका वेळची वस्तू आहे. लेबल एक सांगत होतं, वस्तू दुसरं सांगत होती, आणि माणसाने वस्तूचं ऐकलं. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क टाइम्सच्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड यांनी डेन्व्हरच्या हॉटेलात चॉकलेटची वडी खाऊन काढलेल्या भयानक रात्रीबद्दल लिहिलं. नवख्याने त्या वडीचे सोळा तुकडे करून एक खायचा असतो, हे त्यांना नंतर कळलं. अनेकांनी त्यांची टर उडवली. मला त्या टिंगलीचा राग येतो. वर्षानुवर्षं वाचण्या-लिहिण्यावर पोट भरणारी बाईही चॉकलेट हे चॉकलेट म्हणूनच खाते, यातून नियम करणाऱ्यांनी शिकायचं होतं.

कोलोराडो शिकलं, पण सावकाश. ऑक्टोबर २०१६ पासून पाकिटावर 'कँडी' हा शब्द वापरायला मनाई झाली, आणि चौकटीत टीएचसी व उद्गारचिन्ह असलेली खूण नुसत्या वेष्टनावर नाही तर खाण्याच्या तुकड्यावरही उमटवणं सक्तीचं झालं. ऑक्टोबर २०१७ पासून माणूस, प्राणी किंवा फळ यांच्या आकारातले पदार्थ बंद झाले. म्हणजे अस्वलाच्या आकाराची गमी कायदेशीर दुकानातून जायला विक्री सुरू झाल्यापासून पावणेचार वर्षं लागली. तरीही कोलोराडोने जे केलं त्यातला तुकड्यावर खूण उमटवण्याचा निर्णय मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, त्याकडे पुढे येतोच. वॉशिंग्टन राज्याने २०१७ पासून पाकिटावर लाल पंजाची खूण आणली, 'मुलांसाठी नाही' असं सांगणारी, सोबत विषबाधा केंद्राचा फोन नंबर. पुढच्याच वर्षी तिथल्या नियामक मंडळाने गोळ्या-गमी सरसकट बंद करायचं जाहीर केलं, उद्योगाने आरडाओरडा केला आणि मंडळ दोन महिन्यांत मागे फिरलं.

याच काळात दुसऱ्या एका आघाडीवर मात्र विलक्षण तत्परता दिसली. जून २०१४ मध्ये, म्हणजे कोलोराडोत विक्री सुरू होऊन सहा महिने होत नाहीत तोच, हर्शी या चॉकलेट कंपनीने तिथल्या एका गांजा-चॉकलेट उत्पादकावर दावा लावला, कारण त्याच्या वड्यांची वेष्टनं हर्शीच्या प्रसिद्ध वेष्टनांची नक्कल होती. त्याच वर्षी तडजोड झाली आणि तो माल नष्ट करायचं ठरलं. २०२१ मध्ये रिग्ली कंपनीने 'स्किटल्स' या आपल्या रंगीत गोळ्यांच्या नकलेवरून असाच दावा केला. कंपन्यांनी आपली मालमत्ता जपली, यात गैर काही नाही. पण यातून एक गोष्ट उघड होते. एखाद्या गोळीचं लाल पाकीट आणि त्यावरचं इंद्रधनुष्य पाहून ग्राहकाची फसगत होते, हे न्यायालयात सहज मान्य होतं. व्यापारचिन्हाचा सगळा कायदाच या गृहीतकावर उभा आहे की माणूस वाचत नाही, रूप पाहून घेतो. मग तेच गृहीतक तीन वर्षांच्या मुलासाठी धरायला एवढी वर्षं का लागावीत? हर्शीच्या रंगांना पहिल्याच वर्षात जे संरक्षण मिळालं ते कोलोराडोच्या मुलांना मिळायला तीन-चार वर्षं गेली. हा क्रम मला लाजिरवाणा वाटतो.

नकलांचा प्रश्न संपलेलाही नाही. २०१८ च्या अमेरिकी शेती कायद्याने ०.३ टक्क्यांहून जास्त डेल्टा-९ टीएचसी (गांजातला नेहमीचा नशादायक प्रकार) नसलेला हेम्प, म्हणजे गांजाच्याच जातीचं पण जवळजवळ नशा नसलेलं झाड, मोकळा केला. हेतू दोरखंडं, कापड आणि बियांचा होता. त्या फटीतून डेल्टा-८ टीएचसीसारख्या नशा आणणाऱ्या द्रव्यांच्या गमी आणि चिप्स पेट्रोल पंपांवरच्या दुकानांत पोचल्या. तिथे गांजा दुकानाचे नियम लागू नव्हते, अनेक ठिकाणी वयाची तपासणीही नव्हती. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅप्टन क्रंच, फ्रूट लूप्स, ट्रिक्स, सावर पॅच किड्स या मुलांच्या आवडत्या खाऊंच्या हुबेहूब नकलांबद्दल इशारा काढला. जुलै २०२३ मध्ये याच प्रशासनाने आणि व्यापार आयोगाने मिळून सहा कंपन्यांना डोरिटोज, चीटोज यांसारख्या पाकिटांतून डेल्टा-८ विकणं थांबवण्याच्या नोटिसा दिल्या. न्यूजर्सीच्या एडिसनमध्ये किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी आईवडिलांना मुलाच्या दप्तरात असं पाकीट सापडलं तर ते त्याला चिप्सच समजतील. मीही समजलो असतो.

इथपर्यंतचा भाग पटवून द्यायला सोपा आहे. कार्टून आणि अस्वलं पाहून कुणालाही चीड येते. मला जास्त काळजी ज्या पाकिटाची वाटते ते दिसायला अगदी सभ्य असतं. फिकट गुलाबी किंवा राखाडी-हिरवा रंग, भरपूर मोकळी जागा, बारीक नाजूक अक्षरं, एका कोपऱ्यात लव्हेंडरची काडी रेखाटलेली. पुदिन्याच्या गोळ्यांसारखी छोटी पत्र्याची डबी. नाव नशेचं नाही, परिणामाचं: शांती, झोप, एकाग्रता. गांजाचं पान तर कुठेच नाही, किंवा असलंच तर पाठीमागे नियमापुरतं. हे पाकीट मुलांना बोलवत नाही, त्यामुळे मुलांसाठी केलेल्या नियमांच्या जाळीतून ते अलगद सुटतं. ते चाळिशीतल्या, साठीतल्या माणसाशी बोलतं, आणि त्याला सांगतं की हे जीवनसत्त्वाच्या गोळीच्या जातीचं काहीतरी आहे. औषधाच्या दुकानात झोपेसाठी मेलाटोनिनच्या गमी असतातच. त्या रांगेत हे पाकीट ठेवलं तर परकं वाटणार नाही.

वॉशिंग्टन राज्यात संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींना अशी पाकिटं दाखवून बोलतं केलं. ती रोजच्या खाऊसारखी दिसतात, पौष्टिक पदार्थांची आठवण करून देतात, असं मुलांनी सांगितलं. सोळा वर्षांच्या मुलीला जे 'पौष्टिक' वाटतं ते तिच्या आजीला का वाटू नये? कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या पासष्टीपुढच्या लोकांबद्दलचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. खाण्याचा गांजा कायदेशीर झाल्यानंतरच्या काळात या वयाच्या लोकांचं गांजाच्या विषबाधेमुळे तातडीच्या विभागात येणं बंदीच्या काळाच्या तुलनेत तिपटीच्या आसपास गेलं होतं. म्हातारपणी चक्कर, गोंधळ, छातीत धडधड यांचा अर्थ वेगळा लावला जातो. घरच्यांना पक्षाघाताची भीती वाटते आणि डॉक्टरही आधी तेच तपासतात. आधीच रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या चालू असतात. तोल जाऊन मांडीचं हाड मोडलं तर ते वर्षभराचं दुखणं होतं.

इथे आपल्या लोकांचा संबंध थेट येतो. टोरॉन्टो, न्यूजर्सी, बे एरिया इथे मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे आईवडील हजारोंनी आहेत. वेळेच्या फरकाने झोप उडालेली असते, गुडघे दुखत असतात, घरातली तरुण मंडळी दिवसभर कामावर असतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किंवा फ्रीजमध्ये ठेवलेल्या डबीवर झोप असा शब्द आणि फुलाचं चित्र असेल तर आई ती आयुर्वेदिक चूर्णाच्या विश्वासाने उघडेल. मुलगा-सून तिच्याशी या विषयावर बोललेली नसतात, कारण आपल्या घरांत हा विषय निघतच नाही. मोकळेपणाने बोललं पाहिजे, हे खरंच. पण घराघरांतलं मौन सुटेपर्यंत पाकिटाने गप्प बसावं, हे मला मान्य नाही.

कॅनडाने या प्रश्नाला सर्वांत सरळ हात घातला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथे गांजा कायदेशीर झाला, आणि खाण्याच्या पदार्थांचे नियम एका वर्षानंतर लागू झाले. पाकीट एकाच रंगाचं हवं. कंपनीचं नाव आणि फार तर आणखी एक चिन्ह, तेही ठरलेल्या आकाराचं. लाल अष्टकोनी खुणेत गांजाचं पान आणि टीएचसी ही अक्षरं. पिवळ्या पट्टीवर आरोग्याचा इशारा. चैन, उत्साह, साहस अशा जीवनशैलीशी गांजाचं नातं जोडणारी जाहिरात बंद, आरोग्याचे दावे बंद. आणि एका पाकिटात फक्त १० मिलिग्रॅम टीएचसी, जिथे कोलोराडो आणि कॅलिफोर्नियात १०० पर्यंत चालतं. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये सिगारेटची पाकिटं मळकट शेवाळी रंगाची केली होती, त्याच विचाराची ही पुढची पायरी.

यावरचा आक्षेप गंभीर आहे, आणि तो केवळ व्यापाऱ्यांचा नाही. नीरस पाकिटामुळे कायदेशीर माल ओळखीचा राहत नाही, ग्राहक भडक आणि जोरकस बेकायदा मालाकडे जातो, असं व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातली काही माणसंही म्हणतात. कॅनडात बेकायदा गमींची पाकिटं खरोखरच प्रसिद्ध खाऊंच्या नकला असतात, आणि त्यांवर शेकडो मिलिग्रॅमचे आकडे छापलेले असतात. तिथल्या आरोग्य खात्याने त्यांबद्दल वारंवार इशारे दिलेत. पण या आक्षेपात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. सवय असलेल्या माणसाला १० मिलिग्रॅम पुरत नाही आणि प्रत्येक वेळी नवं पाकीट घ्यावं लागतं, म्हणून तो बाहेरचा रस्ता धरतो. हा मुद्दा मात्रेचा आहे आणि त्यात तथ्य आहे. ती मर्यादा थोडी वाढवायला माझी हरकत नाही. पाकीट राखाडी आहे म्हणून पस्तिशीतला माणूस कायदेशीर दुकान सोडून अनोळखी विक्रेत्याकडे जातो, हे मात्र मला पटत नाही. दुकान कायद्याचं आहे, माल तपासलेला आहे, किंमत परवडते, या गोष्टी त्याला दुकानात आणतात. भडक नकला आहेत म्हणूनच कायदेशीर पाकिटाने साधं असायला हवं. दोन्ही रंगीत असतील तर घरातल्या माणसाला खरं-खोटं कसं कळणार? आज कॅनडात चित्रविचित्र पाकीट दिसलं तर ते बेकायदा आहे हे एका नजरेत कळतं. ही सोय साध्या पाकिटानेच दिलेली आहे.

क्वेबेक त्याहून पुढे गेलं. त्या प्रांताने २०१९ मध्ये गोळ्या, चॉकलेट, मिठाई या रूपातला गांजा विकायचाच नाही असं ठरवलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत विषबाधेमुळे मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण क्वेबेकमध्येही वाढलेलं दिसलं, पण ऑन्टारिओ, आल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत ते त्याहून बरंच जास्त वाढलं होतं. लक्षात घ्या, या तीन प्रांतांतही पाकिटं साधी आणि मुलांना उघडायला अवघड अशीच होती. म्हणजे पाकीट साधं करणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

कारण पाकीट उघडलं की त्याचं काम संपतं. मुलांना न उघडता येणाऱ्या वेष्टनाची कल्पना अमेरिकेत १९७० च्या कायद्याने अॅस्पिरिनसारख्या औषधांसाठी रुजली. तिची चाचणी आजही साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हातात वेष्टन देऊन होते. पाच मिनिटांत शंभरातल्या पंच्याऐंशी मुलांना ते उघडता आलं नाही तर पहिली पायरी पार. मोठ्यांना मात्र ते उघडता आणि नीट बंद करता आलं पाहिजे. चांगली कल्पना आहे, तिने असंख्य मुलं वाचवली. पण रात्री एक गमी खाऊन पाकीट अर्धवट मिटून टेबलावर ठेवणारा माणूस ही चाचणी निकामी करतो. पार्टीत कुणी त्या गमी वाडग्यात ओततो आणि मग तर पाकीटच उरत नाही. त्या वाडग्यातली लाल गमी आणि शेजारच्या वाडग्यातली लाल गमी यांत फरक कुणाला दिसणार?

म्हणून मी कोलोराडोच्या त्या खुणेला एवढं महत्त्व देतो. वस्तूवरच ओळख उमटली पाहिजे. माझ्या मते त्याहूनही पुढे जाऊन प्रत्येक तुकडा वेगळ्या कप्प्यात, गोळ्यांच्या पत्तीसारखा बंद असावा. याला आधार आहे. अमेरिकेत लहान मुलं लोहाच्या गोळ्या गोड गोळ्या समजून खात आणि मरत. १९९७ मध्ये जास्त मात्रेच्या लोहाच्या गोळ्या एकेक करून बंद कप्प्यात देण्याची सक्ती झाली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. २००३ मध्ये न्यायालयाने तो नियम प्रशासनाच्या अधिकाराबाहेरचा ठरवून रद्द केला, पण तोवर मुद्दा सिद्ध झाला होता. दहा तुकडे खायला दहा वेळा पत्ती फोडावी लागली तर मूल दुसऱ्या-तिसऱ्यावर कंटाळतं. आणि अजून चढलं नाही म्हणून दुसरा तुकडा घ्यायला निघालेला मोठा माणूसही क्षणभर थांबतो. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं बिस्कीट सहा कप्प्यांत असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आकड्यांचं काय, असं कुणी विचारेल. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या डेव्हिड हॅमंड आणि सहकाऱ्यांनी टीएचसीच्या आकड्यांचा अर्थ लोकांना लागतो का, हे तपासलं. मिलिग्रॅमच्या आकड्यावरून हा पदार्थ सौम्य की तीव्र, हे बहुतेकांना सांगता येईना. वाहतुकीच्या दिव्यांसारखे हिरवा-पिवळा-लाल रंग दिले की ओळख पटकन सुधारली. हेही त्याच म्हणण्याला बळ देतं. रंगाने फसवता येतं तसं रंगाने सांगताही येतं. आकडा जरूर छापा, पण त्याच्यावर विसंबू नका.

हे सगळं आपल्यापासून दूर आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी टपरीवर लटकणाऱ्या माळा आठवाव्यात. गुटख्याचा धंदा पुडीने उभा केला. चंदेरी कागद, केशराचे तंतू, वेलचीचा हिरवा, राजेशाही अक्षरं. आत सुपारी, चुना, कात आणि तंबाखू, बाहेर मुखवासाचं रूप. लग्नघरात जेवणानंतर जे ताटातून फिरवतात त्याच्याशी नातं सांगणारं. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं जबडे कापून काढले आणि बंदीसाठी आवाजही उठवला. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी घातली. देशात इतरत्र कंपन्यांनी लगेच जोडपुडीची युक्ती काढली, एकीत पान मसाला, दुसरीत तंबाखू. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असतो, पण पान मसाला कायद्याने खाद्यपदार्थ, त्यामुळे त्याच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र नसतं. सभ्य रूपाची पुडी सुटते आणि पिढ्या नासतात, हे आपण पाहिलेलं आहे.

गांजाच्या बाबतीत आपला कायदा बाहेरून कडक आणि आतून सच्छिद्र आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात शेंडे नसलेली पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या हाती राहते. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याची वस्तू आहे, इतर काही राज्यांत सरकारमान्य ठेक्यांवर मिळते. महाशिवरात्रीला आणि होळीला घोटलेली भांग घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे ठाऊक असतं. ती त्या दिवशी, त्या पेल्यात, त्या माणसांत मिळते. पानटपरीवर विकल्या जाणाऱ्या 'मुनक्का' नावाच्या चकचकीत पुड्यांचं तसं नाही. वर महादेवाचं नाव किंवा चित्र, पाचक आयुर्वेदिक वटीचा आव, आत भांग. हैदराबाद आणि मंगळूर इथल्या पोलिसांनी गेल्या काही वर्षांत अशा चॉकलेटवजा गोळ्या जप्त केल्या आहेत, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत शाळा-कॉलेजची मुलं असल्याची काळजी व्यक्त झाली आहे. दुसरीकडे शहरी ग्राहकांसाठी 'विजया' या आयुर्वेदिक नावाने भांगेच्या पानांच्या अर्काची तेलं आणि गोळ्या ऑनलाइन विकल्या जातात, आणि त्यांची वेष्टनं कॅलिफोर्नियाच्या त्या फिकट, मोकळ्या, सभ्य पाकिटांची धाकटी भावंडं शोभावीत अशी असतात.

विजया औषध म्हणून वापरायला माझा विरोध नाही. वेदना आणि झोपेच्या तक्रारींत तिचा उपयोग वैद्य करत आले आहेत. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ई(१) अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचा समावेश आहे, आणि अशा औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इंग्रजी-हिंदी इशारा छापावा लागतो. हा इशाराही वाचण्यावर विसंबलेला आहे. पुण्या-मुंबईतल्या ज्या घरात कुरिअरने अशी डबी येते तिथे ती च्यवनप्राशाशेजारी ठेवली जाईल, आणि च्यवनप्राशासारखीच कुणाच्याही हाती लागेल.

म्हणून माझी मागणी आयुष मंत्रालयाकडे आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. नशा आणू शकणाऱ्या भांगेच्या कोणत्याही पदार्थाला गमी, चॉकलेट, पेढा, वडी या रूपात परवाना देऊ नये. गोळी ही गोळीसारखी असावी, एकेका कप्प्यात बंद, तिच्यावर ठसठशीत खूण. वेष्टन एकरंगी. पुढच्या बाजूला देवाचं चित्र नको, फूल-पान नको, झोप आणि शांती यांसारखी परिणामांची नावं नकोत. खूण देशभर एकच असावी, म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी न वाचणाऱ्यालाही ती कळेल, आणि ती अंगणवाडीत, आशासेविकांना, औषध दुकानदारांना दाखवून शिकवता येईल. ऑनलाइन विक्रीच्या पानावरचं छायाचित्रही याच नियमाखाली यावं, कारण आता पाकीट हातात येण्याआधी पडद्यावर दिसतं. हे करायला गांजाच्या कायदेशीरपणाचा मोठा वाद मिटण्याची वाट पाहायला नको. आज या वस्तू विकणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत, त्यांची गुंतवणूक अजून वेष्टनांच्या साच्यांत अडकलेली नाही, आणि त्यांच्यातल्या प्रामाणिक कंपन्यांना सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम सोयीचाच पडेल.